समुद्र शिकायला दौंडला

दारात चपला काढून ठेवल्या तर मोठ्या भरतीला त्या निघून जातात, इतका आमच्या घराला समुद्र जवळ. मालवणच्या किनाऱ्यावरचं असं घर सोडून, समुद्रात डुबकी मारायला शिकवण्याचं शिक्षण घ्यायला मी दौंड तालुक्यात गेले. हसलात ना? हसून घ्या. आमची अख्खी वाडी हसली. आई तर येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत होती, “समुद्र दाराक आसा, आणि ह्या बुडूक शिकूक घाटार जाता!”

तर आधी कारण सांगते. मी स्कुबाच्या बोटीवर गाइड होते. गाइड म्हणजे काय, तर पर्यटकाच्या पायात रबरी फिन्स चढवायचे, त्याला पाण्याखाली दंडाला धरून मासे दाखवायचे, त्याचा फोटो काढायचा, आणि वर येऊन तो बोटीवर ओकला की पाण्याची बाटली द्यायची. शिकवायचा परवाना मला नव्हता. शिकवणारे इन्स्ट्रक्टर सगळे बाहेरचे, आणि शिकवायचे ते इंग्रजीत नाहीतर हिंदीत. आमच्या बोटीवर येणारी निम्मी माणसं सांगली-साताऱ्याकडची. ती बिचारी मान हलवत ऐकायची आणि पाण्यात गेल्यावर भलतंच काहीतरी करायची. मी मालकाला सारखी म्हणायचे, मराठी माणसांचा वर्ग मला द्या. मालक म्हणाला, “इन्स्ट्रक्टर होऊन ये, ती बोट तुझी. नाही झालीस तर फिन्स चढव.” परीक्षा घेणाऱ्या मॅडम आमच्या भागासाठी वर्षातून एकदाच येतात, आणि येतात त्या पावसाळ्यात. पावसाळ्यात आमचा समुद्र बंद. मग परीक्षा कुठं होते? वरवंडजवळच्या दगडाच्या खाणीत. आता हसा परत.

दौंड

खाणीत शिकवणारे आमचे गुरू म्हणजे आप्पा. मूळचे वरवंडचे. समुद्रातल्या तेलाच्या विहिरींवर पाण्याखाली वेल्डिंग करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, आणि आता गावी परत येऊन ते पावसाळाभर माणसांना इन्स्ट्रक्टर करतात. फोनवर त्यांनी मला दौंडला उतरायला सांगितलं, कारण त्यांना तिथून हवा भरायच्या मशीनचा पट्टा घ्यायचा होता. शिष्या आणि पट्टा एकाच फेरीत.

आमच्याकडे त्या आठवड्यात पाऊस असा होता की कपडे वाळतच नव्हते. दौंडला उतरले तर धूळ! आभाळ भरलेलं, वारा सुटलेला आणि पाऊस कुठंच नाही. आप्पा पिकअपला टेकून उभे होते. मागे हवेची सिलिंडरं बांधलेली. मी नमस्कार करतेय तोवर एक बाई पिशवी घेऊन जवळ आली.

“गॅसचं का वो? आमचा नंबर लावून लई दिस झालं.”

“न्हाई मावशी, ह्यो गॅस न्हाई. हवा हाय ह्यात,” आप्पा म्हणाले.

“हवा?” मावशींनी आजूबाजूला सुटलेल्या वाऱ्याकडं पाहिलं. “आन् ती इकत्यात व्हय?”

चहाच्या टपरीवर मी कोण, कुठली, कशाला आले याची चौकशी झाली. पाण्याखाली जाते म्हटल्यावर टपरीवाल्याचा चेहरा उजळला. “मंग बरं झालं! आमच्या हिरीत मोटार पडलीया. कवा येताय काढायला?”

हा प्रश्न मला पुढं रोज ऐकायला मिळणार होता, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. या भागात विहीर नाही असा शेतकरी नाही, आणि मोटार पडली नाही अशी विहीर नाही. दोर तुटतो, साखळी निसटते आणि पाणी उपसायची मोटार जाते तळाला. आमच्याकडे पाण्याखाली म्हटलं की लोकांना मासे दिसतात, प्रवाळ दिसतं. इथं मोटारी दिसतात. एकानं तर मला ॲडव्हान्स बुकिंगच विचारलं.

खाण

खाण म्हणजे माळावर कोरलेला प्रचंड हौद. तीन बाजूंना काळ्या दगडाचे सरळसोट कडे, आणि चौथ्या बाजूनं ट्रक उतरायचा जुना रस्ता, जो सरळ पाण्यात शिरतो. पाणी हिरवं, पण निवळ. आत बघण्यासारखं म्हणाल तर एक टायर, अर्धी खाट, बऱ्याच चपला (त्याही एकेकट्या), आणि एक खेकडा. मला बघून तो कपारीत गेला तो शेवटपर्यंत बाहेर आला नाही. घाबरून नव्हे, माझ्या मालवणी नजरेत त्याला रस्सा दिसला असणार.

पहिल्याच दिवशी मी आप्पांना विचारलं, खोल किती आहे?

“कडंला दीड पुरुष. मधी सा-सात पुरुष.”

आम्ही खोली वावेत मोजतो, पसरलेल्या दोन हातांएवढी एक वाव. हे लोक पुरुषात मोजतात. उभा माणूस, हात वर केलेला, तो एक पुरुष. मी म्हटलं, “आणि बाई उतरली तर?”

आप्पांनी जरा विचार केला. “बाई उतरली तरी पुरुषच मोजायचं,” ते म्हणाले. “बाईची उंची हितं कोण इचारतंय?”

आप्पांची शिकवणी कडक. पुण्याहून आलेली आणखी दोन पोरं होती, इंग्रजीत फाडफाड बोलणारी. आम्ही तिघं एकमेकांना शिकवायचो आणि आप्पा विद्यार्थ्याचं सोंग घ्यायचे. मास्क काढून टाक, हवेची नळी सोड, उगाच वर पळ. पाण्याखाली साठीच्या आसपासचा माणूस लहान पोरासारखा हातपाय झाडताना पाहून मला हसू यायचं, आणि पाण्याखाली हसलं की मास्कमध्ये पाणी शिरतं. मग वर आल्यावर शिव्या. “हसताय काय? तितं समुद्रात माणूस असाच करल, तवा बी हसणार का?”

एकच नियम ते रोज घोकून घ्यायचे. पाण्याखाली श्वास रोखायचा नाही. कधीच नाही. छातीत हवा कोंडून माणूस वर आला तर ती हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. “बाकी समदं चुकलं तरी चालंल, एवढं चुकलं तर परीक्षा बी न्हाई आन् माणूस बी न्हाई.”

हे सगळं बघायला काठावर गाव जमलेलं असायचं. भाजलेल्या शेंगा खात, पाय सोडून बसायचे. मी वर आले की कुणीतरी हमखास ओरडायचं, “सापडली का मोटार?”

खाणीचे मालक आबा. बागायतदार, एके काळचे सरपंच, सोसायटीच्या निवडणुकीत अजूनही ज्यांच्या पारावर बसण्याला अर्थ असतो असे. तरुणपणी तालमीत होते, त्यामुळं छाती अजून रुंद. सकाळ-संध्याकाळ खाणीवर यायचे, आणि त्यांच्यासाठी घरून किटलीतून चहा यायचा. तो कपात कधीच प्यायचे नाहीत. बशीत ओतायचे, बशी तळहातावर धरायची, ओठांचा चंबू करायचा आणि ‘फूऽऽ’ करून अशी लांबलचक फुंकर मारायची की बशीत लाटा उठायच्या. मला तो आवाज पाण्याखाली ऐकू येतो असं मी आप्पांना म्हणायचे.

खाण वापरायला देताना आबांनी आप्पांना एक अट घातली होती. आबांची मोटार या खाणीत पडली होती, फार वर्षांपूर्वी. ती काढायची नव्हती, ती आता भंगार झाली असणार हे त्यांनाही कळत होतं. त्यांना ती बघायची होती.

“भावकीतली लोकं म्हंत्यात, मोटार पडलीच न्हाई, आबानं इकली,” त्यांनी मला सांगितलं. “एकदा डोळ्यानं बघतो आन् मंग सांगतो एकेकाला.”

म्हणून माझ्या परीक्षेला विद्यार्थी कोण, तर आबा. पुण्याच्या पोरांना पुण्याचेच इंग्रजी बोलणारे शिकाऊ मिळाले. मला आबा, आणि वरवंडच्या शाळेतल्या मनीषाताई. मनीषाताई हुशार, नीटनेटक्या, कधी पाण्यात उतरलेल्या नव्हत्या. “आमच्या वस्तीतल्या पोरींना पोहायला शिकवायचंय, आधी मला तर येऊ दे,” म्हणून आल्या होत्या. फोन उचलला की ‘जय भीम’, आणि लगेच मुद्द्याचं बोलणं. मला त्या पहिल्या भेटीतच आवडल्या.

सणसवाडी, आणि मासवडीचा दगा

मध्ये एक दिवस सिलिंडरच्या तोंडाशी बसणारी रबरी रिंग तुटली आणि आप्पांनी मला नदीपलीकडं सणसवाडीला पिटाळलं. तिथं कारखान्यांची रांग, भाड्याच्या खोल्यांची रांग, आणि दर दोन दुकानांमागं एक हिंदी पाटी. पहिल्या दुकानदारानं विचारलं, “कुकरची का?” दुसऱ्यानं, “टाकीच्या नळाची का?” तिसरा लेथवर काम करणारा बिहारी भय्या निघाला. त्यानं रिंग उलटसुलट पाहिली, कशाला पाहिजे ते विचारलं, आणि मी सांगितल्यावर मशीन बंद करून माझ्याकडं पाहत राहिला.

“समंदर तो उस तरफ है, मैडम,” तो पश्चिमेकडं हात करून हळू आवाजात म्हणाला. मला रस्ता चुकलाय असं त्याला खरंच वाटलं असावं. रिंग मात्र त्यानं झकास दिली.

येताना तळेगाव ढमढेऱ्याचा बाजार भरलेला. मी कितीतरी दिवस मासा पाहिला नव्हता. भाकरी, झुणका, वांगं, शेंगदाण्याची चटणी, सगळं चवीचं, पण माझ्या जिभेला मीठ आठवत होतं, समुद्राचं. आणि तेवढ्यात एका खाणावळीबाहेर पाटी दिसली, ‘स्पेशल मासवडी’. अहो, मी धावले! आत बसून हुकूम सोडला, दोन प्लेट. आली ताटली. वड्या कापलेल्या, आकार अगदी माशाच्या तुकडीचा. मी लिंबू पिळलं, तुकडा मोडला, काटा सापडेना. मोठा तुकडा मोडला. काटा नाही, मासाही नाही. बेसन! बेसनाच्या आत तीळ, खोबरं, लसूण.

मी मालकीणबाईंना हाक मारली. “मावशी, ह्यात मासा कुठंय?”

“मासा?” त्यांनी कानाला हात लावला. “आवो, गुरवार हाय आज! आन् मासवडीत कुटं मासा असतोय?”

“मग मासवडी का म्हणता?”

“दिसतीया माशावानी म्हनून. तुमच्यात नावाचं खरं धरत्यात व्हय?”

मी दोन्ही प्लेटी खाल्ल्या. बरोबरचा तिखट रस्सा पिऊन नाकातून पाणी आलं. खरं सांगायचं तर मासवडी जबरदस्त होती, पण तेव्हा मी ते कबूल करण्याच्या मनःस्थितीत नव्हते. शब्द ऐकून धावलं की माणूस तोंडावर पडतो, एवढं मात्र त्या दिवशी मला कळायला हवं होतं.

परीक्षा

परीक्षेच्या मॅडम गोव्याच्या. बारीक केस कापलेल्या, कमी बोलणाऱ्या. मराठी सगळी कळायची, बोलताना मात्र हिंदी, मराठी आणि कोंकणीची खिचडी. त्या नुसत्या बघणार होत्या. मी दोन नवख्यांना काठावर सगळं समजावायचं, मग दीड पुरुष खोल असलेल्या सपाट दगडावर नेऊन बसवायचं, श्वास घ्यायला लावायचं, फिरवून सुखरूप वर आणायचं. बस्स. कुणालाही वाटेल, यात काय एवढं.

मी ठसक्यात सुरुवात केली. आबांना आणि मनीषाताईंना रबरी सूट चढवले. आबांना सूटमध्ये घालणं म्हणजे उशीला लहान अभ्रा घालणं. गाव काठावर टाळ्या वाजवत होतं. मग खुणा शिकवल्या. बोटांचा गोल म्हणजे सगळं ठीक. अंगठा वर म्हणजे वर जायचंय.

“म्हंजी ठेंगा दावला की वर,” आबा म्हणाले. “सोपं हाय. निवडणुकीत बी तसंच असतंय, ठेंगा दावला की माणूस वर जातोय.”

मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला. मला वाटलं, जिंकलं. श्वास रोखायचा नाही, हे मी तीनतीनदा सांगितलं, दोघांकडून म्हणून घेतलं. “आणि पाण्यात मी सांगेन तेच करायचं,” असंही बजावलं. सगळं कसं पुस्तकातल्यासारखं.

कंबरेइतक्या पाण्यात उभं राहून आम्ही तयारी केली. आबांना राहवत नव्हतं. मान खाली घालून पाण्यात बघत होते, “तितं का? त्या अंगाला का?” त्यांच्या डोळ्यांपुढं नुसती मोटार होती. मला भीती, हे खाली जाऊन मोटार शोधत पळतील. तोंडात हवेची नळी घालायच्या आधी मी त्यांचा दंड धरला आणि म्हणाले, “आबा, खाली गेल्यावर घाई करायची नाही. मी खूण करीपर्यंत दम धरायचा!”

आबांनी गंभीरपणे मान हलवली. छाती फुगवली. आणि आम्ही खाली गेलो.

खाली छान उजेड होता. मनीषाताई दगडावर गुडघे टेकून बसल्या, त्यांच्या तोंडून बुडबुड्यांची माळ वर जायला लागली. मॅडम जरा मागं, हाताची घडी घालून. मी आबांकडं वळले. आबा ताठ बसले होते, डोळे माझ्यावर रोखून. आणि त्यांच्याभोवती पाणी अगदी शांत होतं. एक बुडबुडा नाही.

मी थांबले. येईल, आता येईल. नाही आला! मास्कच्या आत डोळे मोठे व्हायला लागले. मी बोटांचा गोल केला, ठीक आहे ना? त्यांनी लगेच गोल केला, एकदम ठीक. तालमीतली छाती हवेनं भरलेली, त्यामुळं हळूहळू त्यांचे गुडघे दगडावरून सुटले. आबा वर जायला लागले होते, कोंडलेल्या श्वासासकट.

मी त्यांचं जॅकेट धरून खाली खेचलं आणि दुसऱ्या हातानं शिकलेली खूण केली, ओठांपासून हात पुढं, श्वास सोडा. आबांनी ती पाहिली आणि मानेनं नकार दिला. त्यांना वाटलं मी बोला म्हणतेय, आणि तोंडात नळी असताना बोलायचं नाही हे मीच शिकवलेलं! मी त्यांच्या छातीवर थाप मारली. त्यांनी छाती आणखी पुढं काढली. अरे देवा! पाण्याखाली ओरडता येत असतं तर मी दौंडपर्यंत ऐकू जाईल असं ओरडले असते.

आणि मग मला काय सुचलं ते माझं मलाच ठाऊक नाही. मी तळहात उताणा करून त्यांच्यासमोर धरला. बशी. वाकले, आणि बशीवर फुंकर मारली. माझे बुडबुडे आबांच्या मास्कवर आदळले.

आबांचे डोळे लकाकले. त्यांनी स्वतःचा तळहात उताणा केला, त्यावर तोंड वाकवलं, आणि अशी फुंकर सोडली, अशी सोडली, की क्षणभर मला बुडबुड्यांशिवाय काहीच दिसेना. मग श्वास आत. परत बशी, परत फुंकर. आबा बशी फुंकत बसले. मी मॅडमकडं पाहिलं. त्यांनी अंगठा वर केला. ठेंगा. वर चला.

काठावर आल्यावर मी आबांवर तुटून पडले. “आबा, श्वास रोखू नका म्हणून किती वेळा सांगितलं होतं!”

“सांगितलं व्हतं की,” आबा धापा टाकत म्हणाले. “पर शेवटाला तुमीच म्हनला, दम धरा. मी खूण करीपर्यंत. मी आपला खुणंची वाट बघतोय, तर तुमी नुसतंच मारताय!”

दम धरा म्हणजे थोडं थांबा. आईनं मला जन्मापासून दिवसातून शंभरदा म्हटलेले शब्द. आणि शब्दाशब्दानं घेतलं तर काय? श्वास धरून ठेवा. जे करू नका म्हणून मी बजावलं, तेच मी स्वतःच्या तोंडानं करायला सांगितलं होतं, मराठीतून शिकवणारी मी शहाणी!

“मी वर्गात पोरांना रोज म्हणते, दम धरा,” मनीषाताई म्हणाल्या. “ती काही श्वास धरत नाहीत.”

“ती जमिनीवर असत्यात,” आबा म्हणाले. “पाण्यात दम धरा म्हनल्यावर माणूस काय धरंल?”

“खरं सांगू? थोडासा मीपण धरला होता,” मनीषाताई म्हणाल्या.

मॅडमनी फिन्स काढले, केस पिळले. “नीचेका काम पास,” त्या म्हणाल्या. “ऊपरका नापास. उद्या परत. लास्ट चान्स.”

वरवंड

त्या संध्याकाळी मी आप्पांच्या ओट्यावर तोंड पाडून बसले होते. पुण्याची पोरं पास होऊन पेढे वाटत होती. मला तो पेढा गिळेना. राग कुणावर काढायचा, स्वतःच्या भाषेवर? मालकाला काय सांगू, मराठीतून शिकवते म्हणाले आणि मराठीतच नापास झाले? फिन्सच चढवत राहायचं जन्मभर. डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते रश्श्यामुळं नव्हतं.

आप्पा आले, मनीषाताई आल्या, मागोमाग किटली घेऊन आबा आले. मनीषाताईंनी शाळेतला उपाय काढला. आजपासून तो शब्द बंद. जो म्हणेल त्यानं तळहाताची बशी करून मोठ्यानं फुंकायचं.

“लई सोपं हाय,” आप्पा म्हणाले. “जरा दम धरा, पाट आणतो बसायला.”

आम्ही त्यांच्याकडं पाहिलं. आप्पांनी फूऽऽ केलं.

तो शब्द माणसाच्या तोंडात किती वेळा येतो ते बंद केल्याशिवाय कळत नाही. आप्पांच्या बायकोनं भाकरी टाकताना म्हटला, फूऽऽ. आबांना सोसायटीतून फोन आला, आबा त्यावर गरजले, “दम धरा की रं, आलो!” आणि फोनमध्येच फुंकर मारली. पलीकडच्या माणसाला काय वाटलं असेल कुणास ठाऊक. जेवायला मासवडी होती. मी पाच खाल्ल्या आणि चांगली झालीय म्हणाले. कबूल केलं एकदाचं.

सकाळी काठावर गाव दुप्पट. बातमी पसरली होती. मी बोलायला उभी राहिले आणि पहिली खूण शिकवली ती पुस्तकातली नव्हती. तळहाताची बशी, वर फुंकर. “ही खूण दिसली की श्वास सोडायचा. आणि थांबायचं असेल तर मी ‘थांबा’ म्हणेन. दुसरं काही म्हणणार नाही.” आबा पाण्यात शिरले तशी काठावरून कुणीतरी उत्साहानं ओरडलंच, “आबा, दम धरा!” आणि सगळ्या काठानं त्याच्यावर एकदम फुंकर मारली. मॅडम पाठमोऱ्या होत्या, पण त्यांचे खांदे हलताना मी पाहिले.

खाली आबांचे बुडबुडे अगदी तालात. मी त्यांना आणि मनीषाताईंना दगडाच्या कडेनं सावकाश फिरवलं, आणि कपारीशी, खेकड्याच्या घराच्या अलीकडं, ती होती. मोटार. गंजून दगडाच्या रंगाची झालेली, इतके दिवस मी तिला दगडच समजत होते, वर तुटक्या दोराचा तुकडा. आबा तिच्यासमोर थांबले. तिला हात लावला. मग दोन्ही हात जोडले. बुडबुडे चालू होते. मनीषाताईंनीही हात जोडले, आणि मीही जोडले, आता का ते विचारू नका.

वर आल्यावर आबांनी मास्क काढायच्या आधीच ओरडून सांगितलं, “हाय! माझी मोटार हाय! कोण म्हनत व्हता इकली?” काठावरची भावकी शेंगांची टरफलं झाडत उठली.

मॅडम माझ्याजवळ आल्या. “ऊपरका भी पास,” म्हणाल्या, आणि तळहात उताणा करून त्यांनी हळूच फुंकर मारली.

मालवण

पाऊस संपला, समुद्र उघडला. मालकानं शब्द पाळला. मराठी वर्गाच्या पहिल्याच बोटीवर नावं कुणाची? आबा आणि मनीषाताई. वरवंडहून गूळ आणि मासवड्या घेऊन आले. आईनं मासवडी खाल्ली आणि तासभर मासा शोधत बसली.

आबांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. वाळूवर चप्पल काढून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “एवढं पाणी, आन् ह्यात कुणाचीच मोटार न्हाई?”

बोट आत गेली, किनारा बारीक झाला तसे आबा बोटीची कड धरून बसले. रबरी सूट चढला, सिलिंडर चढलं. बोटीच्या कडेला पाठमोरं बसायचं आणि मागं उलटं पडायचं. आबांनी एकदा खाली पाहिलं, एकदा लांब जिथं पाणी संपतच नव्हतं तिथं पाहिलं. मालक सुकाणूशी उभा राहून मला बघत होता, काय करतेय ते. आबांनी माझा हात घट्ट धरला होता. खाणीत एकदाही धरला नव्हता.

“मास्तरीणबाई,” ते हळूच म्हणाले, “जरा दम धरा की.”

मी थांबले. घाई केली नाही. त्यांचा हात तसाच धरून बसले, लाटेबरोबर बोट वरखाली होत राहिली. थोड्या वेळानं आबांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, हसले, तळहाताची बशी केली आणि फूऽऽ करून लांबलचक फुंकर मारली. मीही मारली. मग त्यांनी नळी तोंडात घातली, बोटांचा गोल केला, आणि आम्ही दोघं हात धरून उलटे समुद्रात पडलो.